दाढी करणे, दाढी ठेवणे

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. सातवीच्या वर्गात एकदा 'सकाळची कामे' या विषयावर पाच वाक्यं लिहायला दिली होती. एका मुलानं लिहिलं, 'माझे आजोबा दाढी करत नाहीत, ते दाढी ठेवतात.' शेजारच्यानं वहीत डोकावून पाहिलं आणि हात वर केला. "सर, स्वयंपाक केला की स्वयंपाक तयार होतो. मग दाढी केली की दाढी जाते कशी?"

मला उत्तर आलं नाही. बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. उर्दूचा आधार घ्यावा तर तिथंही तीच गत. उर्दूत दाढी 'बनवतात' आणि ती नाहीशी होते.

त्या दिवसापासून मी या विषयावरचे शब्द गोळा करत आलो आहे. 'हजामत' आणि 'हज्जाम' यांचं मूळ अरबीत आहे. 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. ते काम करणारा तो हज्जाम. आपल्याकडे येईपर्यंत तो केस कापणारा झाला. पण मराठीनं त्याचा जुना धंदा विसरू दिलेला नाही, कारण आपल्या म्हणीतला रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो. वस्तरा, रक्त काढणं, सुंता, गळू फोडणं ही सगळी कामं एकाच पिशवीतली होती. दुसरा माझा आवडता शब्दप्रयोग म्हणजे 'बिनपाण्यानं करणे'. एखाद्याला भर चौकात फैलावर घेतलं की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्यानं केली. ज्यानं खरोखर बिनपाण्याची दाढी सोसली असेल, त्यानंच हा प्रयोग भाषेला दिला असणार.

पाण्याचं महत्त्व मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या गावच्या वारीकामुळं. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव. न्हाव्याला तिकडं वारीक म्हणत. माझ्या आजोबांना आम्ही दादाजी म्हणायचो. त्यांची दाढी छातीपर्यंत होती, पण डोक्याचा गोटा, मिशी कातरणं आणि गालावरच्या खताची रेघ यासाठी वारीक दर जुम्याला सकाळी घरी येई. त्याचा आठवडा ठरलेला होता. सोमवार, शनिवार, एकादशी, अमावास्या या दिवशी हिंदू घरांत वस्तरा चालत नसे. शुक्रवारची सकाळ आमच्या आळीची. दोन्ही पंचांगं त्या माणसाला तोंडपाठ होती.

तो ओट्यावर धोकटी उघडी. दोन वस्तरे, सहाण, चामड्याचा पट्टा, कात्री, नखं काढायची नराणी, पितळी वाटी आणि कडेला फुटलेला आरसा. साबण नाही. नुसतं पाणी लावून अंगठ्यानं तो चोळत बसे, इतका वेळ की दादाजींना डुलकी लागे. मला वाटायचं, हा वेळ काढतोय. खरं तर केस दोन-तीन मिनिटं पाणी प्याला की मऊ पडतो आणि पातं त्यातून ओढ न घेता जातं. हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक होतं. मग डाव्या हातानं कातडी ताणून धरायची आणि वस्तरा निजता ठेवून एका दमात फिरवायचा. उभा धरला की कापलंच.

पैसे कुणी देत नसे. सुगीला ज्वारी जायची. बलुतेदारी कायद्यानं संपून वीसेक वर्षं झाली होती, पण आमच्या ओट्यावर ती बातमी पोचली नव्हती. घरात मूल जन्मलं की सातव्या दिवशी अकीक्याचं जावळ तोच काढी. त्या केसांच्या वजनाइतकी चांदी खैरातीत जायची आणि त्याला धान्य, टॉवेल-टोपी मिळे. हिंदू न्हाव्याच्या मांडीवर मुसलमानाचं बाळ, यात कुणालाच काही विशेष वाटत नसे.

हे चित्र इथंच थांबवलं तर ते फार गोड होतं. आमच्या घरी येणारा हाच वारीक महारवाड्यात जात नसे. ती माणसं एकमेकांची दाढी एकमेकांच्या हातानं करत. आम्ही मुसलमान असून आमच्या ओट्यावर तो बसायचा, आणि ज्यांचे देव त्याच्या देवांच्या शेजारचे, त्यांना त्याचा वस्तरा लागत नव्हता. दादाजींनी यावर त्याला कधी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. आम्हीही त्या व्यवस्थेत आमच्या पायरीवर बसलेलोच होतो.

वस्तऱ्यानं नाही म्हटल्याचा एक वेगळा प्रसंगही महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. विधवेचं डोकं भादरायला शेवटी एक हात लागतो, आणि तो हातच मागं घेतला तर? शाळेत आम्ही हा प्रसंग एका ओळीत उरकतो. माझ्या मते तो पूर्ण तासाचा विषय आहे.

वस्तऱ्याला लागणारा हा दुसऱ्याचा हात ज्यानं बाजूला केला, तो माणूस अमेरिकेत होता. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता. बूच एकदा वापरून फेकतात आणि गिऱ्हाईक परत येतं, हे तो रोज पाहत होता. १८९५ च्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं की पात्याचंही तसंच करावं. कागदासारख्या पातळ पोलादाला धार टिकेल इतकं कडक करता येणार नाही, असं जाणकार म्हणत होते. विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानं ते जमवलं. १९०३ मध्ये त्यांचे विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर वाटले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, हेही त्यामागचं एक कारण सांगतात. युद्ध संपलं आणि ही सवय सैनिकांबरोबर घरी गेली. ब्लेडच्या वेष्टनावर जिलेटचा स्वतःचा फोटो असे, झुपकेदार मिशीसकट.

आमच्या घरात तो रेझर १९६० च्या दशकात अब्बांनी आणला. ते प्राथमिक शिक्षक झाले, पहिली नेमणूक परगावी मिळाली आणि सुट्टीत ते गुळगुळीत चेहऱ्यानं घरी आले. दादाजी एवढंच म्हणाले, "मास्टर बन्या तो मुँह भी साहब का कर लिया क्या?" पुढं तीन आठवडे बाप-लेकांत बोलणं अम्मीच्या मार्फत चालू होतं. आमच्याकडच्या शिकलेल्यांत दाढीशिवायचे मुसलमान तेव्हा काही थोडे नव्हते. इक्बालना मिशी होती, दाढी नव्हती. जिनांना दोन्ही नव्हतं. पण ते सगळे दादाजींपासून फार लांब होते. पोटचा पोर ओट्यावर होता.

दुसरी कुरबूर ब्रशवरून झाली. त्या काळी दाढीचे ब्रश बहुधा डुकराच्या केसांचे असत, आणि दांड्यावर इंग्रजीत छापलेल्या 'प्युअर ब्रिसल'चा अर्थ कुणीतरी दादाजींना सांगितला. अब्बांनी तो ब्रश निमूटपणे बाहेर टाकला आणि तालुक्याहून नायलॉनचा आणला. त्याला फेस नीट धरत नसे. ते आयुष्यभर त्या ब्रशवर वैतागले, पण बदलला नाही.

अब्बांची दाढी म्हणजे अर्ध्या तासाचा विधी. खिडकीत आरसा, पाटावर बैठक, फुलपात्रात कोमट पाणी. आधी साबणाची वडी ओल्या गालावर घासायची, मग ब्रशनं गोल गोल फेस. पहिला हात केसांच्या दिशेनं वरून खाली, पुन्हा फेस, दुसरा हात आडवा. शेवटी तुरटीचा खडा. ब्लेड जपून वापरायचं. स्टेनलेस स्टीलची ब्लेडं १९६० च्या दशकात जगभर पसरली, त्याआधीची गंजत, म्हणून पुसून, कागदात गुंडाळून ठेवावी लागत. धार गेली की काचेच्या ग्लासात आतल्या बाजूनं ब्लेड घासायचं, म्हणजे आणखी चार दाढ्या निघत. त्याचा खरंच किती उपयोग होई देव जाणे, पण आवाज अजून कानात आहे. घरी टोपाझ असे, पगाराच्या आठवड्यात कधीमधी सेव्हन ओ'क्लॉक. दाढीतून निवृत्त झालेलं ब्लेड आमच्या कंपासपेटीत पेन्सिलीसाठी येई, तिथून अम्मीच्या शिवणाच्या डब्यात. कोरं ब्लेड मात्र गावच्या दाईला द्यायचं, नाळ कापायला.

या रेझरनं वारीकाचं एक गिऱ्हाईक कमी केलं. पण अब्बा जिथं शिकवत, तिथले त्यांचे एक सहकारी दलित शिक्षक होते. ते अब्बांना म्हणाले होते की हा रेझर विकत घेईपर्यंत त्यांच्या गावात त्यांना पैसे देऊनही दाढी करून मिळत नव्हती. दुकानदारानं पैसे घेतले आणि ब्लेडचं पाकीट दिलं, बास. अब्बा हा किस्सा सांगताना रेझर हातात धरून सांगत. वारीकाच्या अंगठ्याची मला आठवण येते, पण ती आली की हेही आठवतं.

१९७२ च्या दुष्काळात अब्बांची दाढी एका फुलपात्रावर आली आणि पुढं बरा पाऊस झाला तरी फुलपात्र तेवढंच राहिलं. खूप वर्षांनी मी एक गोष्ट वाचली. जिलेट कंपनीनं भारतासाठी 'व्हेक्टर' नावाचा रेझर काढला. पात्यांत अडकलेले केस बाहेर ढकलायला त्यात एक प्लॅस्टिकची पट्टी होती. त्याची चाचणी घेतली अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. ती खूश होती. भारतात मात्र रेझर केसांनी तुंबला. कारण साधं होतं. त्या मुलांच्या समोर वाहता नळ होता आणि इथला माणूस जमिनीवर बसून, पेलाभर पाण्यात, मंद उजेडात दाढी करत होता. मग कंपनीची माणसं इथं येऊन घराघरांत बसली आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा 'गार्ड' आला. रेझर १५ रुपये, पातं ५ रुपये. आमच्या अम्मीला विचारलं असतं तर तिनं फुलपात्र दाखवून हे फुकट सांगितलं असतं.

माझी दाढी सुरू झाली १९९० च्या दशकात, तालुक्याच्या केशकर्तनालयात. एड्सची भीती तेव्हा खेड्यापर्यंत पोचली होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्याबसल्या म्हणे, "नवं ब्लेड लाव." कारागीर पाकीट आपल्याला दाखवून कागदासकट ब्लेड मधोमध मोडी आणि अर्धं वस्तऱ्यासारख्या दांड्यात बसवी. पाजळायचा वस्तरा काही वर्षांतच दिसेनासा झाला. सहाण आणि पट्टाही गेले, आणि धार लावायची कलाही. नोकरी लागल्यावर मी दोन पात्यांच्या रेझरवर आलो. ट्यूबमधली क्रीम, पाच मिनिटं, संपलं. दाढीविषयी मला फारसं सांगण्यासारखं नाही.

माझ्या मुलाला आहे. तो एकवीस वर्षांचा. त्यानं आजवर गालाला साबण लावला नव्हता. ट्रिमर कोरडा चालतो, पाण्याची गरजच नाही. त्याची भरगच्च, कोरलेली दाढी दादाजींना आवडली असती, कारण मात्र पटलं नसतं. ती फॅशनची आहे. त्याचा पुण्यातला खोलीतला मित्र मराठा. त्याचीही तशीच दाढी, शिवाजी महाराजांच्या चित्रावरून राखलेली. दोघं एकाच दुकानात जातात.

दाढीवरून माणूस ओळखायची खोड जुनीच आहे. मुघलांची चित्रं ओळीनं पाहा. बाबराला दाढी, अकबर आणि जहांगीर नुसत्या मिशीचे, शाहजहान आणि औरंगजेबाला पुन्हा दाढी. अकबराच्या दरबारात लोक दाढ्या काढतात म्हणून बदायुनीनं आपल्या इतिहासात संताप व्यक्त केला आहे. उलट मनुची लिहितो की औरंगजेबानं चार बोटांपेक्षा लांब दाढीवर बंदी घातली आणि मोजायला माणसं नेमली. दाढी कमी असली तरी पंचाईत, जास्त असली तरी पंचाईत.

गेल्या वर्षी मुलाला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मित्रालाही आलं. कुणीतरी भल्या माणसानं, खरंच भल्या मनानं, माझ्या मुलाला सांगितलं, "दाढी तेवढी काढून जा." मित्राला हे कुणी सांगितलं नाही. मुलानं मला फोनवर हे हसत हसत सांगितलं आणि आदल्या रात्री घरी आला. मी काय सांगायला हवं होतं? 'जा तसाच' म्हणावं तर नोकरी त्याची होती. 'काढ' म्हणायला जीभ उचलत नव्हती. मी काहीच बोललो नाही. रात्री दहाला तोच मोरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "अब्बा, आपका रेझर कैसे पकडते?"

मी पाणी कोमट केलं. अब्बांचं फुलपात्र अजून घरात आहे, तेच घेतलं. ट्रिमरनं त्यानं आधी दाढी बारीक केली. मग मी त्याला खाली पाटावर बसवलं आणि नुसतं पाणी लावून अंगठ्यानं गाल चोळायला लागलो. "साबण?" त्यानं विचारलं. "थांब, आधी पाणी मुरू दे." इतक्या वर्षांत मी त्याच्या गालाला इतका वेळ हात लावला नव्हता. डावा गाल मी करून दिला, उजवा त्यानं केला. हनुवटीखाली कापलंच. तुरटी लावली तेव्हा तो लहानपणीसारखा कळवळला.

नोकरी दोघांनाही मिळाली. दीड महिन्यात मुलाची दाढी पुन्हा होती तशी झाली. ऑफिसात कुणी काही म्हटलं नाही, असं तो सांगतो.