टॅबार्ड सराई आणि तिचा यजमान

लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेला उतरले की सदर्कचा हमरस्ता लागतो. या रस्त्यावरची 'टॅल्बट' नावाची सराई 1873 साली पाडली गेली. कवी चॉसर आणि त्याचे एकोणतीस यात्रेकरू 1383 मध्ये कँटरबरीला जाताना येथेच उतरले, असे सांगणारी पाटी तिथे पूर्वी होती. पण ही पाटी साक्षीला उभी करण्याजोगी नाही. या यात्रेकरूंची टॅबार्ड सराई ज्यात येते त्या चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या काव्यात 1383 हे साल कोठेच येत नाही. शिवाय पाटीने चॉसरला 'सर' केले आहे, आणि तो किताब त्याला कधी मिळालाच नव्हता.

26 मे 1676 च्या आगीत सदर्कचा मोठा भाग जळाला, त्यात ही सराईही गेली. नव्या इमारतीवर 'टॅबार्ड'ऐवजी 'टॅल्बट' नाव लागले. हे नाव लावणाऱ्या अडाणी भाडेकऱ्यावर लेखक जॉन ऑब्री भलताच चिडलेला दिसतो. त्याचा राग बाजूला ठेवला तरी माहिती समकालीन माणसाची आहे. जागा तीच, भिंती बहुतांशी नव्या, एवढे यातून धरता येते.

आगीच्या आधीची साक्ष जॉन स्टोची. लंडनचे वर्णन करणाऱ्या 1598 च्या ग्रंथात तो या रस्त्यावरच्या सराया मोजतो आणि टॅबार्डला सर्वांत जुनी ठरवतो. मात्र तेथेच तो चॉसरच्या ओळी उद्धृत करतो. म्हणजे काव्याला दुजोरा देणारा स्वतंत्र साक्षीदार म्हणून त्याला घेता येणार नाही. चॉसरचा संपादक स्पेट 1602 मध्ये वेगळे काही सांगतो: मोडकळीला आलेली सराई आणि लगतचा मठाधिपतीचा वाडा जे. प्रेस्टन नावाच्या गृहस्थाने दुरुस्त करून खोल्या वाढवल्या. हे काव्यातून आलेले नाही, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

मठाधिपती म्हणजे विंचेस्टरजवळच्या हाइड मठाचा. मठाने ही जागा चौदाव्या शतकाच्या आरंभी घेतली. 1307 मध्ये प्रार्थनागृहाचा परवानाही मिळवला. आठव्या हेन्रीने मठ मोडले, तेव्हाच्या नोंदीत सराई आणि मठाधिपतीचे बिऱ्हाड वेगवेगळे दाखवले आहे. मालकी मठाची, धंदा भाडेकऱ्याचा, अशी वहिवाट यावरून दिसते.

मग चॉसरच्या काळचा भाडेकरू कोण? दुसऱ्या रिचर्डच्या चौथ्या राज्यवर्षाच्या, म्हणजे 1380-81 च्या, सदर्कच्या करपत्रकात हेन्री बेलिफ हा सराईवाला आणि त्याची पत्नी क्रिश्चियन यांच्यापुढे 2 शिलिंग मांडले आहेत. या डोईपट्टीची सरासरी माणशी 12 पेन्स, म्हणजे एक शिलिंग होती; तेव्हा दोघांचे दोन शिलिंग हा श्रीमंतीचा पुरावा नव्हे. (याच पट्टीने जून 1381 चा उठाव पेटवला.) माणसाच्या वजनाचा अंदाज दुसऱ्या कागदांवरून येतो: 1376 च्या संसदेत आणि 1378 च्या ग्लॉस्टरच्या संसदेत सदर्कचा प्रतिनिधी हेन्री बेली होता. नाव तेच, गाव तेच, दशकही जवळजवळ तेच. माणूस एकच असावा, पण हे अनुमान आहे.

करपत्रकात धंदा आहे, सराईचे नाव नाही. मठाच्या कागदांत सराई आहे, बेली नाही. दोघांना एकत्र आणणारा दुवा केवळ काव्य, आणि तेथेही प्रस्तावनेतला टॅबार्डचा यजमान बिननावाचाच आहे. 'हॅरी बेली' हे नाव पुढे एकदाच, स्वयंपाक्याच्या तोंडी येते. बखरीतली गोष्ट अस्सल कागदाशिवाय घेऊ नये, हा आपल्याकडचा दंडक येथे लावला तर बेलीला टॅबार्डच्या दारातून बाहेर काढावे लागेल. मला तसे करवत नाही. चॉसर 1374 पासून 1386 पर्यंत लंडन बंदराच्या जकातीवर अधिकारी होता. त्याचे पहिले श्रोते पूल ओलांडून बेलीला भेटू शकत होते. ओळखीच्या माणसाला भलत्याच सराईत बसवले तर थट्टेची गंमतच जाते. तेव्हा बेली टॅबार्डमध्ये होता, हे मी बहुधा खरे मानतो.

यजमानाची काव्यातली तापट बायको मात्र याच कसोटीवर टिकत नाही. काव्यात तिला 'गुडलीफ' म्हटले आहे. करपत्रकातली पत्नी क्रिश्चियन. 'गुडलीफ' हे विशेषनाम की लाडाची हाक, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हाक असेल तर तिचा क्रिश्चियनशी विरोध उरत नाही, पण तिच्या स्वभावाला दुजोराही मिळत नाही. कागद एवढेच सांगतो की ती होती, आणि तिच्यावर कर आकारला गेला.