संग्रह, स्पर्धा, वियोग : पोकेमॉन खेळण्याच्या तीन तऱ्हा

खेळाचा इतिहास लिहिताना तो कोणी घडवला याची नोंद होते. तो कसा खेळला गेला, हे बहुधा नोंदीबाहेर राहते. साहित्येतिहासात वाचकाची दीर्घकाळ झालेली उपेक्षा इथेही दिसते. पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेमबाबत ती आम्हांस विशेष खटकते, कारण त्याचा अर्थ खेळणाऱ्यांनीच वेळोवेळी बदलला आहे.

निर्माते सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोच्या सीमेवरील माचिदा येथे किडे गोळा करण्यात गेले. पुढे शेते आणि तळी शहराने गिळली. तो शोधाचा आनंद नव्या मुलांना मिळावा, ही या खेळामागची प्रेरणा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी त्याच्या 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्या निघाल्या. काही प्राणी एकीत, काही दुसरीत. आणि हाँटरसारखा प्राणी केबल जोडून दुसऱ्याला दिल्याखेरीज पुढच्या रूपात जातच नसे. संग्रह ही एकट्याची हाव मानली जाते. इथे रचनेनेच तिला देवाणघेवाणीत बांधले. काडेपेटीच्या छापांची अदलाबदल केलेल्या पिढीला हे निराळे समजावून सांगायला नको.

१५१वा प्राणी म्यू. शिगेकी मोरिमोतो यांनी तो काम संपत आल्यावर उरलेल्या जागेत गुपचूप घातला होता आणि सरळ मार्गाने तो मिळत नसे. बंदरातल्या एका ट्रकखाली तो दडला आहे, अशी अफवा मुलांत पसरली. ती खोटी होती. पण लोककथा कशी जन्मते, हे शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्गातील खेळाडूंनी प्राण्यांची चित्रे बाजूला सारून आकडे वाचले. २००२च्या 'रुबी' आणि 'सफायर'पासून प्रत्येक प्राण्याच्या सहा गुणांमागे ० ते ३१ यांतील एकेक जन्मजात संख्या असते. खेळ ती उघड सांगत नसे. खेळाडूंनी प्रोग्राम उलगडून ती शोधली, आणि हव्या त्या संख्या जुळेपर्यंत अंडी उबवत राहिले. यात रुक्षपणा आहे असे म्हणणाऱ्यांनी छंदःशास्त्रातील मात्रा मोजण्याचा आनंद आठवून पाहावा.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा फाटा मात्र २०१० साली फुटला. निक फ्रँको यांनी 'रुबी' खेळताना स्वतःवर दोन नियम लादले आणि त्या प्रवासाची चित्रकथा काढली. प्रत्येक प्रदेशात भेटलेला पहिलाच प्राणी पकडायचा. लढाईत जो कोसळेल तो मेला असे मानून सोडून द्यायचा. या पद्धतीस 'नझलॉक' म्हणतात. मूळ खेळात कोसळलेला प्राणी उपचारकेंद्रात नेला की क्षणात बरा होतो; मृत्यू खेळाडूने आणला. प्रोग्राममधील एक अक्षरही न बदलता बालसाहित्याची शोकांतिका झाली. प्राण्यांना नावे देण्याची प्रथाही या पद्धतीत रूढ झाली, कारण निनावी प्राण्याचे सुतक कोण पाळणार?

जून २०१९ मध्ये, आगामी 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये सर्व जुने प्राणी आणता येणार नाहीत असे निर्मात्यांनी जाहीर केले, तेव्हा मोठा क्षोभ उसळला. बाहेरच्यांना तो पोरकट वाटला. परंतु 'रुबी'त पकडलेला प्राणी तोवर एका खेळातून पुढच्यात नेत नेत वर्षानुवर्षे सांभाळता येत होता. शाळेत असताना पकडलेला प्राणी नोकरी लागल्यावरही सोबत असे. संग्राहकाच्या दृष्टीने ती यादी तोवर रोजनिशी झाली होती, आणि तिच्यातली पाने दुसऱ्याने गाळली होती. नझलॉकवाला आपले प्राणी स्वतःच्या नियमाने गमावतो. इथे नियम परक्याचा होता. २०२० साली पुरवणी भागांतून दोनशेहून अधिक प्राणी परत आले. सगळे नव्हेत.