बालिल्लाचा दगड

जेनोआ शहरातील एका पोराने १७४६ साली ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावला आणि त्यासरशी सारे शहर उठले, अशी आख्यायिका आहे. त्या पोराचे टोपणनाव बालिल्ला. मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ साली मुलांची सरकारी संघटना काढली ती याच बंडखोराच्या नावाने. आणि तीत शिकवावयाचे होते ते मात्र आज्ञापालन!

आठ ते चौदा वर्षांचे मुलगे बालिल्ला, त्यापुढे अठरापर्यंत आवान्गार्दिस्ती. मुलींच्या तुकड्या निराळ्या. १९२८ साली कॅथलिक बालवीर पथके मोडण्यात आली. १९३७ साली सर्व शाखा पक्षाच्या एका छत्राखाली आल्या. हा तपशील इतिहासग्रंथांत विपुल आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक बोलका वाटावा तो भाषेवरील अंमल. १९३०च्या सुमारास प्राथमिक शाळांत सरकारी असे एकच क्रमिक पुस्तक आले. पुढे १९३८ साली 'लेई' या आदरार्थी संबोधनावर गदा आली. वस्तुतः 'ती' या अर्थाचे हे सर्वनाम. ते परकीय व दास्यसूचक ठरवून त्याजागी 'वोई' रूढ करण्याची मोहीम निघाली. मराठीतून 'आपण' हद्दपार करण्याचे फर्मान निघावे, तसाच हा प्रकार. 'लेई' नावाचे स्त्रियांचे एक नियतकालिक होते. नावाचा अर्थ नुसता 'ती' असूनही त्याला 'आन्नाबेल्ला' व्हावे लागले.

विद्यापीठीय तरुणांसाठी मात्र नुसती घोकंपट्टी पुरेशी नव्हती. उद्याचे राज्यकर्ते निवडण्यासाठी १९३४पासून 'लित्तोरिआली' या स्पर्धा भरू लागल्या, पहिली फ्लॉरेन्सला. तेथे काव्य, समीक्षा, राजकीय सिद्धान्त अशा विषयांत तरुण झुंजत, वाद घालीत. ज्यांना एरवी एकमेकांचा पत्ताही लागला नसता, ते सरकारी खर्चाने एकत्र येत. पहिल्या वर्षीच्या काव्यस्पर्धेत उतरलेले पिएत्रो इंग्राओ १९४० साली भूमिगत कम्युनिस्ट पक्षात गेले.

मुसोलिनीच्या थोरल्या मुलाचा शाळासोबती रुज्जेरो झांग्रांदी हाही याच वाटेचा. फॅसिझममधून झालेल्या आपल्या पिढीच्या 'दीर्घ प्रवासा'वरील त्याचा विस्तृत ग्रंथ १९६२ साली निघाला. आतूनच विरोध उगवला, हे त्यातील प्रतिपादन खरे आहे. पण ते काहीसे सोयीचेही आहे. प्रवास दीर्घ होता, तो आत राहू शकलेल्यांचा. आंतोनिओ ग्राम्शी बालिल्ला निघाली त्याच १९२६ साली, नोव्हेंबरात, कैद झाले होते.