मंगरसाच्या ग्रंथात मिरची नव्हती



उन्हाळा आला की आपल्याकडे वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, हा हिशेब प्रत्येकीच्या तोंडी असतो. आमच्या बिनकांदा-लसणाच्या चटणीत तर सगळी मदार मिरचीवरच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हाच्या आमटीलाही वाळलेली मिरचीच लागते. त्यामुळे मिरची पहिल्यापासून आपलीच, असं वाटतं. पण ती पाहुणी म्हणून आली आहे.

मंगरस तिसरा या जैन कवीने १५०८ च्या सुमारास कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' हा शाकाहारी स्वयंपाकाचा ग्रंथ लिहिला. त्यात मिरची असण्याचा प्रश्नच नव्हता. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० साली, आणि मिरची त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली. तोवर तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि सुंठ. संस्कृतात 'मरीच' म्हणजे मिरेच. नव्या फळाला आपण जुन्याच मसाल्याच्या नावावरून हाक मारली.

मिरचीचं माहेर अमेरिका खंड. इक्वेडोरमध्ये सापडलेल्या भांड्यांवर आणि दगडी पाट्यांवर मिरचीच्या पिठाचे सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे सूक्ष्म कण मिळाले आहेत. तिथे माणसाने मिरचीच्या पाच जाती लागवडीखाली आणल्या. आपली ब्याडगी, संकेश्वरी, अगदी ढोबळी मिरचीसुद्धा त्यातल्या एकाच जातीची. ईशान्येकडची भूत जोलोकिया वेगळ्या जातीची. तिच्या शास्त्रीय नावात 'चिनी' असा शब्द आहे, कारण १७७६ साली नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाला ती चीनची वाटली. ती जातही मूळची अमेरिकेचीच.

या जाती ओळखायच्या कशा? नुसत्या फळावरून फसायला होतं. शास्त्रज्ञ फूल बघतात. आपल्या नेहमीच्या मिरचीला बहुधा पांढरं फूल येतं आणि पेऱ्याला एकच. एका जातीच्या पाकळ्यांवर पिवळसर-हिरवे ठिपके असतात, तर एकीचं फूल जांभळं आणि बी काळं. मग फळाची लांबी, रंग, तिखटपणा, रोगाला तोंड देण्याची ताकद, अशी एकेका वाणाची नोंद होते. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात मिरचीचे सुमारे ८००० नमुने सांभाळले आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोच्या बीजपेढीत बी वाळवून उणे १८ अंशांवर ठेवतात.

हा खटाटोप कशासाठी? मिरचीवर बोकड्या आला की पानं आकसतात आणि झाड खुंटतं. त्या रोगाला टिकणारा गुण एखाद्या दुर्लक्षित जुन्या वाणात असू शकतो. तो वाणच गेला, तर गुण पुन्हा कुठून आणणार?

ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याच्या खोला मिरचीला २०१९ साली. आपल्या विदर्भातल्या भिवापुरीलाही ते आहे. चांगलंच झालं. पण मानांकन नावाला संरक्षण देतं, बी मात्र कुणीतरी पेरावंच लागतं. बाजारात ब्याडगीसारखी दिसणारी संकरित मिरची भरपूर येते. तिचं बी धरलं, तर पुढच्या वर्षी रोपं एकसारखी निघत नाहीत. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवं बी घ्यावं लागतं, आणि घरचं बी मागे पडतं.

ज्यांच्या परसात जुनी मिरची आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावं. शेजारी लवंगी असली म्हणून यंदाचं फळ तिखट होत नाही. मात्र मधमाश्यांमुळे बी मिसळतं आणि फरक पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून बियाण्याचं झाड लांब लावावं किंवा फुलं उमलण्याआधी फांदीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी, आणि फळ धरल्यावर ती काढून तिथे खुणेचा दोरा बांधावा. पूर्ण पिकलेल्या फळाचं बी सावलीत वाळवून घट्ट डब्यात ठेवावं. घरात दोन-तीन वर्षांत उगवण कमी होते, तेव्हा अधूनमधून पेरत राहावं.

आणि डब्यावर वाणाचं नाव, गाव आणि वर्ष लिहावं. बीजपेढीतल्या नोंदीची सुरुवातही एवढ्याच माहितीने होते.