दर्याचा नारळ : पंचवीस वर्षांनी कळणारं झाड

रौप्यमहोत्सव म्हटला की पंचवीस वर्षांचा हिशोब मांडायचा. पण माडाच्या कुळातलं एक झाड असं आहे, की त्याचा हिशोब पंचवीस वर्षांनंतरच सुरू होतो. साधारण तेवढा काळ गेल्यावर त्याला पहिला फुलोरा येतो आणि तेव्हाच कळतं, झाड नर आहे की मादी! हा दर्याचा नारळ. आपल्याकडे त्याला जहरी नारळही म्हणतात. फकिरांच्या हातातला काळा, होडीच्या आकाराचा कटोरा पुष्कळदा याच्याच करवंटीचा असतो.

नाव ‘दर्याचा’ पडलं, कारण शेकडो वर्षं याचं झाड बाहेरच्या जगाने पाहिलंच नव्हतं. दोन नारळ जोडल्यासारखी ही फळं हिंदी महासागरात तरंगत येऊन मालदीवच्या किनाऱ्याला लागत. लोकांना वाटे, झाड समुद्राच्या तळाशी असणार. विषावरचा उतारा म्हणून त्याला भारी किंमत येई. मालदीवमध्ये असा नारळ सापडला की तो राजाचा. लपवणाऱ्याला कडक शिक्षा. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या नारळाबद्दल लिहिलं आहे.

१७६८ साली फ्रेंच दर्यावर्दी सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर उतरले आणि कोडं सुटलं. झाडं समुद्रात नव्हे, डोंगरउतारावर होती! पुढच्याच वर्षी एक कप्तान जहाज भरभरून नारळ हिंदुस्थानात घेऊन आला. बाजारात माल उदंड झाला आणि भाव कोसळला.

खरी गंमत पुढेच आहे. या फळाचं जिवंत बी इतकं जड असतं की ते पाण्यात बुडतं. आतला गर कुजून गेला की मगच ते तरंगतं. म्हणजे राजांनी खजिन्यात जपलेले ते तरंगते नारळ रुजण्याच्या दृष्टीने मेलेलेच होते. म्हणूनच हे झाड समुद्रमार्गे कुठेच पसरलं नाही. निसर्गतः ते प्रालँ आणि शेजारच्या क्युरियूज या दोन बेटांवरच वाढतं.

लावायची रीतही वेगळी. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात आणि मोठं बी १५ किलोहून जास्त भरतं. ते कुंडीत लावून चालत नाही. सावलीत, ओलसर पण पाणी न साचणाऱ्या जमिनीवर अर्धवट गाडून ठेवायचं. त्यातून दोरखंडासारखा कोंब निघून जमिनीखालून काही मीटर लांब जातो आणि रोप तिथे वर येतं. हा कोंब तुटला की सगळं संपलं. म्हणून बी एकदा ठेवलं की हलवायचं नाही. पुढे बराच काळ रोप बियातल्याच शिदोरीवर जगतं. मोठ्या झाडाची पन्हळीसारखी पानं पावसाचं पाणी आणि पालापाचोळा बुंध्याशी आणून सोडतात. त्या खतावर आईच्या पायाशीच पोरं वाढतात.

प्रालँवरचं सुमारे २० हेक्टरांचं ‘व्हाले द मे’ हे वन १९८३ पासून जागतिक वारसा आहे. तरीही नारळांची चोरी होतेच. बी चोरीला गेलं की पुढची पिढीच जाते, म्हणून तिथे विक्रीवर सरकारी परवान्याचं बंधन आहे.

आपल्या देशात हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ साली याचं एक झाड लावलं. ते निघालं मादी आणि जवळपास नर नाही! शेवटी परदेशातून पराग आणून हाताने परागीभवन केलं, तेव्हा या शतकात त्याला फळ धरलं. १८९४ साली ज्या माळ्यांनी खड्डा खणला, त्यांतल्या कुणालाही ते दिसलं नाही. तरी त्यांनी झाड लावलं आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी पाणी घातलं.

आपल्या सोसायटीच्या आवारातली झाडंही अशीच वाढली आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी कुठलं झाड लावायचं, हे या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवू या.