पावसाळ्याआधी कारचे टायर बदलताय? आत सेन्सर आहे का, आधी बघा

मे-जून आला की गुळगुळीत झालेले टायर बदलायची घाई सुरू होते. पण आता बऱ्याच नव्या गाड्यांच्या चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. टायर खोलताना तो तुटला तर नवा घ्यायला हजारांत पैसे जातात. त्याहून मोठा धोका म्हणजे पुढे हवा कमी झाली तरी गाडी सांगत नाही. म्हणून टायर खोलण्याआधी हे वाचून घ्या.

सेन्सर कुठे असतो?

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक चाकात रिमच्या आतल्या बाजूला, हवा भरतो त्या व्हॉल्व्हला जोडलेला छोटा सेन्सर असतो. तो वायरशिवाय गाडीला दाब कळवतो. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल, तर तुमच्या गाडीत साधारण हाच प्रकार आहे.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक थोडं जास्त वेगानं फिरतं, त्यावरून एबीएसची यंत्रणा अंदाज घेते. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे, ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

दिवा काय सांगतो?

घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह, असा हा पिवळा दिवा असतो.

- दिवा सरळ लागून राहिला : एखाद्या चाकात हवा कमी आहे. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा आणि चारही चाकं बघा.
- चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकला आणि मग लागून राहिला : बहुतेक गाड्यांत याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे. सेन्सर तुटला, त्याची बॅटरी संपली किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावली, तरी असं होतं.

सेन्सरची बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं चालते. बहुतेक सेन्सरमध्ये ती सीलबंद असते, त्यामुळे संपली की पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो.

पंक्चरवाल्याला काय सांगायचं?

1. "दादा, आत सेन्सर आहे," हे टायर खोलायच्या आधीच सांगा. बाहेरून बघून ते कळेलच असं नाही.
2. टायरचा काठ रिमपासून सुटा करताना मशीनचा पाता किंवा टॉमी व्हॉल्व्हजवळ लावू देऊ नका. सेन्सर तिथेच असतो.
3. नवा टायर टाकताना व्हॉल्व्हचं रबर सील आणि आतली पिनही बदलून घ्या. जुन्या सीलमधून हळूहळू हवा जाते.
4. व्हॉल्व्हला प्लास्टिकचंच टोपण लावा. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण गंजून घट्ट बसतं आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो.
5. पंक्चरसाठी टायरमध्ये लिक्विड टाकलं तर सेन्सरचं छिद्र बुजू शकतं. नाइलाजानं वापरलं, तर नंतर टायर खोलून आतून साफ करून घ्या.

काम झाल्यावर

पुढची चाकं मागे घेतली तर डॅशबोर्डवर आकडे चुकीच्या चाकाचे दिसू शकतात. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, काहींना सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून शिकवावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत हवा बरोबर भरून 'रीसेट' करावंच लागतं. हवा कमी असताना रीसेट केलं तर गाडी तोच कमी दाब बरोबर समजते.

पावसात दिवा का लागतो?

तापमान 5-6 अंशांनी उतरलं की दाब सुमारे 1 पीएसआयनं कमी होतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा भरलेली असेल, तर जुलैच्या गार सकाळी ती 3-4 पीएसआयनं कमी भरते. त्यात बारीक गळती असली की दिवा लागतो. लगेच सेन्सरला दोष देऊ नका, आधी हवा तपासा.

हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना बघावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. उन्हात तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

स्टेपनी नसलेल्या गाडीसाठी

2020 मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलले. ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनी न ठेवण्याची सवलत मिळाली. अशा गाडीत सेन्सर बंद असेल तर रात्री घाटात किंवा आडरस्त्याला अडकायची वेळ येईल. बहुतेक गाड्यांत दिवा लागतो तो दाब साधारण पाव हिश्शानं उतरल्यावर. म्हणून सेन्सर असला तरी महिन्यातून एकदा गेजनं हवा तपासा.