चुलीतली राख आणि एक वितळलेली बादली

मागच्या फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र वीकेंडला कोयनानगरला गेलो होतो. एका मित्राचं गाव तिथून जवळच. रात्री अंगणात शेकोटी, गप्पा, मॅनेजरच्या नकला वगैरे नेहमीचं सगळं झालं. सकाळी उठून मी शहाणपणा केला. शेकोटीची राख एका प्लॅस्टिकच्या बादलीत भरली आणि गोठ्याशेजारी पेंढ्याच्या गंजीपाशी ठेवून दिली. राख हाताला गार लागत होती. मग आम्ही धरण बघायला निघून गेलो.

दुपारी परत आलो तर बादली वितळून जमिनीला चिकटलेली, गंजीची एक बाजू काळी पडलेली आणि मित्राची आजी रिकामी घागर घेऊन उभी! दोन म्हशींची पावसाळ्यापर्यंतची वैरण होती त्या गंजीत. आजी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आरं बाबा, राकंत इस्तू झोपल्याला असतो. राक गार लागली म्हंजी इस्तू इजला आसं न्हाई."

बादलीचे पैसे देऊ केले, तेही तिने घेतले नाहीत. पुण्याला परत आल्यावर मात्र मी राखेबद्दल वाचत सुटलो. तेव्हा लक्षात आलं की ज्या गोष्टीला मी कचरा समजून बादलीत भरलं, तिला कचरा म्हणायला आपण अगदी अलीकडेच लागलो आहोत.

सुरुवात शब्दापासूनच करू. संस्कृतमध्ये 'रक्षा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, रक्षण आणि राख. 'रक्षाविसर्जन'मध्ये आपण दुसरा अर्थ आजही वापरतो. आपली 'राख' आणि आपलं 'राखणं' एकाच घरचे. कोशकारांनी राखेच्या अर्थाचं कारणही दिलंय: वस्तू टिकवायला राख वापरत म्हणून. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण घरातली राख खरंच हेच काम करायची.

पहिलं काम विस्तव राखायचं. काडेपेटी जपून वापरायच्या दिवसांत रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवत. राखेतून हवा फारशी आत जात नाही आणि उष्णता बाहेर येत नाही, त्यामुळे निखारा अगदी हळूहळू धुमसत राहतो. सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुंकलं की चूल पेटली. माझ्या बादलीत नेमकं हेच झालं होतं. फक्त मला ते नको होतं, एवढाच फरक :-)

दुसरं काम बियाणं राखायचं. पावटा, चवळी, कुळीथ यांना राख चोळून मडक्यात भरत. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरून टाकते, त्यामुळे किड्याला हिंडायला जागा राहत नाही. शिवाय ती किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते आणि किडा कोरडा पडून मरतो. यात विष कुठेच नाही. पेरणीच्या किंवा शिजवायच्या आधी धुऊन टाकलं की झालं.

तिसरं काम भांड्यांचं. लाकडाच्या राखेत कॅल्शियम कार्बोनेट सर्वात जास्त आणि पोटॅशियमचे क्षार थोडे. हे क्षार पाण्यात विरघळले की तेलकटपणाचा थोडा साबणच होतो आणि बाकीची राख घासायच्या कामी येते. सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार करायची पद्धत सविस्तर दिलेली आहे. तिकडे युरोपातही राखेचं पाणी भांड्यात आटवत, म्हणून तो क्षार 'पॉट-ॲश', आणि १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यातून वेगळा केलेला धातू तो पोटॅशियम. 'अल्कली' हा शब्दही अरबीतला, मूळ अर्थ राखच!

आता चुलीतून शेतात जाऊ. कोयनेच्या खोऱ्यात आणि सगळ्याच मावळ-कोकण पट्ट्यात भाताचा तरवा टाकायच्या आधी राब भाजतात. फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर वाफ्यावर रचून उन्हाळ्यात जाळायचे आणि पाऊस आला की त्या राखेत बी टाकायचं. डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून नाचणी-वरी घ्यायची ती कुमरी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कुमरीला इंग्रजी नाव दिलंय 'वुड-ॲश टिलेज', म्हणजे राखेची शेती.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारला ही राख दिसली ती जळून गेलेलं लाकूड म्हणून. शेतकऱ्याला ते पुढच्या वर्षीचं भात होतं. जंगल खात्याच्या जाचाबद्दल जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहिलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राबाला पाला तोडू द्यायचा की नाही, हा त्यातला एक मोठा वाद होता.

राब ही अडाणी सवय की शास्त्र, याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर १९१२ मध्ये राबावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण एकट्या राखेचा नाही, माती तापण्याचाही त्यात मोठा हात आहे, असं त्यांना दिसलं. म्हणजे शेतकरी जे करत होता त्यामागे ठोस कारण होतं. (हेच ते मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आपल्यापैकी निम्मे लोक ईएमआय भरतात!)

मग धरण आलं. खोऱ्याच्या तळातली खाचरं शिवसागर जलाशयाखाली गेली, गावंच्या गावं उठली. १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि आज प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. ज्या खोऱ्याने महाराष्ट्राला एवढी वीज दिली, तिथल्या कितीतरी घरांत स्वयंपाक मात्र पुढेही चुलीवरच होत राहिला. १९९३ मध्ये विम बार बाजारात आला, २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर गावोगाव पोचले. चूल उरली ती अंघोळीच्या पाण्यापुरती आणि भाकरीपुरती. चूल मागे पडली याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या धुरात कैक बायकांची फुप्फुसं गेली. पण चुलीबरोबर राख कशी हाताळायची हे ज्ञानही गेलं, आणि माझ्यासारखा माणूस बादली घेऊन गंजीपाशी गेला.

तेव्हा फार्महाऊसवर शेकोटी करणाऱ्या मंडळींसाठी थोडं डॉक्युमेंटेशन:

राख पत्र्याच्या, झाकणाच्या डब्यातच भरा. पाणी ओतून काठीने ढवळा आणि दोन-तीन दिवस तरी गवत, लाकूड, प्लॅस्टिक यांपासून लांब, मोकळ्या जमिनीवर ठेवा. निखारा तेवढे दिवस जिवंत राहू शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत वणवा लागायला एक निखारा पुरतो.

कोरडी राख वाऱ्यावर उधळू नका. ती डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते. ओली राख हाताची कातडी सोलते. पूर्वी राखुंडीने दात घासत, पण तो प्रयोग नको, दातांचं आवरण झिजतं. ॲल्युमिनियम आणि नॉनस्टिक भांड्यांनाही राख लावू नका.

प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, प्लॅस्टिक जळालेलं असेल तर ती राख झाडांना अजिबात नको. दगडी कोळशाचीही नको.

शुद्ध लाकडाची राख असेल तर माती बघून वापरा. कोयनानगरला प्रचंड पाऊस, त्यामुळे तिथली तांबडी माती आम्लधर्मी. तिला राख मानवते. तीच राख शंभरेक किलोमीटर आग्नेयेला, कृष्णाकाठी सांगलीकडच्या खारवट झालेल्या काळ्या रानात टाकली तर नुकसानच. गुंठ्याला वर्षातून पाच-सहा किलो पुरे, कुंडीला चिमूटभर. युरियाबरोबर मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

दिवाळीनंतर परत गेलो होतो. येताना आजीसाठी पत्र्याची, झाकणाची बादली नेली. तिने उलटसुलट करून बघितली, म्हणाली, "चांगली हाय," आणि त्यात तांदूळ भरून ठेवले. राखेसाठी तिच्याकडे चुलीशेजारचा खड्डा आहेच. असो.